1885 सालचा गिरणी कामगार: त्याचा दिवस, त्याची खोली, त्याचा पगार

तुमच्या घरात चालत आलेली हकिकत अशी आहे: खापरपणजोबा साधारण 1885 च्या सुमारास संगमेश्वरजवळच्या गावातून मुंबईला आले, कापड गिरणीत लागले आणि प्लेगच्या साथीत गावी परतले. त्यांची पाळी कोणती असेल, ते कोणत्या चाळीत राहत असतील, पगार किती असेल आणि त्यात भागत कसं असेल, असं तुम्ही विचारलं आहे. गिरणीचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. तरीही त्या काळच्या कोकणी कामगाराचं आयुष्य बऱ्याच तपशिलात सांगता येतं, कारण 1875, 1884-85 आणि 1890 या सालांतल्या कारखाना आयोगांपुढे, म्हणजे गिरण्यांची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या समित्यांपुढे, झालेल्या साक्षी छापलेल्या आहेत. कामगारांचा इतिहास हेच माझं काम, आणि या साक्षी मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे.

सुरुवातीला एक चित्र बाजूला ठेवावं लागेल. गिरणगाव म्हटलं की तीन पाळ्या, बीडीडी चाळ, लाल बावटा आणि गेटसभा डोळ्यांपुढे येतात. हे सगळं विसाव्या शतकातलं आहे. बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या, गिरणी कामगार युनियन 1928 चं. तुमचे खापरपणजोबा आले तेव्हा मुंबईत गिरण्या सुरू होऊन तीसएक वर्षंच झाली होती. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला पहिली गिरणी चालू झाली. 1890 पर्यंत शहरात सुमारे 60 हजार माणसं गिरण्यांत राबत होती आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता.

पाळी तेव्हा एकच होती, आणि ती सूर्यावर चालायची. तेलाच्या किंवा गॅसच्या दिव्यावर कापसाच्या धुळीत काम करणं खर्चाचंही होतं आणि आगीच्या भीतीचंही. म्हणून उजाडलं की यंत्रं सुरू आणि अंधारलं की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत जाई, थंडीत दहा-अकरा तासांवर येई. घरात घड्याळ नव्हतंच. उशीर झाला तर दंड, म्हणून माणसं काळोखातच उठून गेटापाशी येऊन बसत. 1890 च्या दशकात गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा कामगारांना सुख झालं असेल असं आपल्याला वाटतं, पण झालं उलटच. अंधाराने बांधून ठेवलेला दिवस सुटला आणि काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांवर कायद्याने पहिली मर्यादा 1911 मध्ये आली, आणि तीसुद्धा बारा तासांची.

मधल्या सुट्टीचं काय? 1891 च्या कायद्याने दुपारी अर्धा तास थांबणं सक्तीचं होईपर्यंत बऱ्याच ठिकाणी यंत्र थांबतच नसे. भाकरी साच्याशेजारी, म्हणजे यंत्राजवळ, उभ्याउभ्याच खायची, आळीपाळीने. मालकांची एक तक्रार त्या साक्षींमध्ये वारंवार येते: हे लोक दिवसातला बराच वेळ यंत्र सोडून बाहेर भटकतात, विडी ओढतात, अंघोळ करतात, म्हणून आम्हाला जादा माणसं ठेवावी लागतात. माझ्या मते ती तक्रार खरी होती, आणि तेच त्या माणसांच्या जगण्याचं साधन होतं. चौदा तास सलग, त्या उकाड्यात, कोणीच उभं राहू शकत नाही. शेजाऱ्याला 'जरा बघ' म्हणून दहा मिनिटं अंगणात जाऊन बसणं ही सुट्टी कामगारांनी स्वतःच कमावलेली होती.

आतली हवा कशी होती तेही सांगतो. सूत तुटू नये म्हणून दमट हवा लागते, त्यामुळे दारं-खिडक्या लावलेल्या. कापूस पिंजायच्या आणि कार्डिंगच्या खात्यात धूळ इतकी की नाकातोंडाला फडकं बांधूनही खोकला सुटत नसे. बहुतेक जण कमरेला पंचा गुंडाळून काम करत. यंत्रांचे पट्टे उघडे, चाकं उघडी. धोतराचं टोक किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात गेला की माणूसही सोबत ओढला जाई. जखमी माणसाला भरपाई देण्याचा कायदा 1923 मध्ये झाला. त्याआधी मालकाची मर्जी.

तुमचे खापरपणजोबा कोणत्या खात्यात होते हे कळलं असतं तर बरंच काही कळलं असतं. तेव्हा मुंबईच्या गिरण्या मुख्यतः सूत काढायच्या आणि त्यातलं बरंच चीनला जायचं. कापड विणायचं खातं लहान, पण तिथे पगार जास्त, कारण साचेवाल्याला, म्हणजे माग चालवणाऱ्याला, जेवढं काम तेवढे पैसे मिळत. आणि या खात्याचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीत, सुताची नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार, म्हणून महार कामगाराला विणाई खात्यात घ्यायला इतर जातींचे कामगार तयार नसत. त्याला सूत खात्यात, कमी पगारावर राहावं लागे. ही अडवणूक त्या शतकात संपली नाही. 1920 च्या दशकाच्या अखेरीला डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न संपाच्या काळात उघडपणे मांडावा लागला. गिरणीत गेलं की जात गळून पडते असं आपण अभिमानाने सांगतो. जात यंत्रापर्यंत गेली होती आणि तिने पगार ठरवला होता, हे मला तितक्याच स्पष्टपणे सांगावंसं वाटतं.

आता पगार, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा. साध्या कामगाराला महिन्याला सात ते पंधरा रुपयांच्या दरम्यान मिळत, बायकांना त्याहून कमी, मुलांना आणखी कमी. पण पगाराच्या आकड्यापेक्षा तो कधी हातात पडे हे जास्त महत्त्वाचं. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याचे पंधरा दिवस, कधी त्याहूनही जास्त उलटल्यावर मिळे. म्हणजे नव्या माणसाने पहिले सहा-सात आठवडे काय खायचं? वाण्याकडे उधारी, नाहीतर सावकाराचं कर्ज. रुपयामागे महिन्याला एक आणा हा नेहमीचा दर, म्हणजे वर्षाला 75 टक्के. न सांगता काम सोडलं तर अडकलेला पगार बुडाला. खाडा झाला की कापणी, सूत खराब झालं की दंड, कापडात दोष निघाला तर ते कापड साचेवाल्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती. उशिराचा पगार हा त्या कामगाराला गिरणीशी बांधून ठेवणारा दोर होता, आणि त्याचं दुसरं टोक मुकादमाच्या हातात.

मुकादमालाच जॉबर म्हणत. माणूस कामावर घ्यायचा तो, काढायचा तो, गैरहजर माणसाच्या जागी बदलीवर उभं करायचं की नाही ते ठरवायचा तो. त्याबद्दल त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे, कधी पहिल्या पगारातून, कधी दर महिन्याला. साहेबाशी कामगाराचा बोलण्याचा संबंधच येत नसे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. पण मुकादमाला नुसता खलनायक करून चालणार नाही. तो बहुधा त्याच तालुक्यातला, कधी त्याच भावकीतला. गावाहून आलेल्या पोराला पहिली रात्र झोपायला जागा तो देई, वाण्याकडे जामीन तो राही, तापात पडलेल्याची जागा धरून ठेवी. तुमचे खापरपणजोबा मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यात गिरणीचं नाव असेलच असं नाही, पण कोणा गाववाल्याचं किंवा मुकादमाचं नाव नक्की असणार.

ते आले कसे? संगमेश्वरहून शास्त्री नदीतून भरतीच्या वेळी होडीने जयगडपर्यंत आणि तिथून आगबोटीने, ही वाट त्या वेळी रुळलेली होती. पैसे नसतील तर घाटवाटांनी, महाड-पनवेल करत पायीही लोक येत. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून जून ते नारळी पौर्णिमा या काळात बोटीने येणंजाणं नाही. हे ध्यानात ठेवा, कारण त्यांच्या वर्षाची मांडणी त्यावरच होती. लग्नसराईला आणि पेरणीच्या तयारीला एप्रिल-मेमध्ये माणसं गावी जात आणि त्या दिवसांत गिरण्यांना हजेरी कमी पडे. मालक याला कोकण्यांचा आळस म्हणत. गावाकडे जमीन खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, पिकातला मोठा वाटा त्याचा, वर वेठ. त्या कुळवाड्याला मुंबईचे रुपये खोताच्या देण्यासाठीच हवे असत आणि जमीन कसायला माणूसही हवा असे. दोन्ही टोकं सांभाळणं म्हणजे आळस नव्हे.

राहायची जागा. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, ताडदेव या भागांत गिरणीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच राहावं लागे. घोड्यांची ट्राम 1874 पासून होती, पण रोज तिचं भाडं भरणं कामगाराच्या कुवतीबाहेरचं. खाजगी मालकांनी घाईने बांधलेल्या चाळी होत्या, आणि माडाच्या झावळ्यांनी किंवा पत्र्याच्या तुकड्यांनी शाकारलेल्या झोपड्याही. 1901 च्या शिरगणतीत शहरातली दहापैकी आठ माणसं एका खोलीच्या घरात राहत होती. एकट्या पुरुषांची खोली असेल तर एका गावचे आठ-दहा जण मिळून भाडं भरत. वळकट्या भिंतीशी, ट्रंका फळीवर, आणि जागा पुरेना तर व्हरांड्यात, पायरीवर, रस्त्यावर झोप. गावची खोली म्हणून पुढे जी संस्था उभी राहिली तिचं मूळ इथे आहे.

पाणी विहार तलावाचं, 1860 पासून नळाने आलेलं. पुढे 1879 ला तुळशी आणि 1892 ला तानसा. नळ मात्र चाळीला एखादा, खाली अंगणात, आणि पहाटे त्यावर रांग. शौचाची सोय टोपलीच्या संडासांची. दोन घरांच्या मधल्या अरुंद घरगल्लीत सगळी घाण साचे आणि हलालखोर, म्हणजे मैला साफ करणारे कामगार, ती डोक्यावरून वाहून नेत. शहराचं सगळ्यांत कठीण काम करणाऱ्या या माणसांची नावं कोणत्याही आयोगाच्या साक्षीत नाहीत.

जेवण बहुधा खानावळीत. एखादी विधवा किंवा एखाद्या कामगाराची बायको दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करी आणि महिन्याचे पैसे पगाराला घेई. तांदूळ, नाचणीची भाकरी, आमटी, सुके बोंबील, जवळा. घाटावरच्यांच्या खानावळीत बाजरी-ज्वारी. पगार थकला की खानावळवालीचेही थकत, म्हणजे गिरणी पगार उशिरा करून तिच्याकडूनही बिनव्याजी उधार घेत होती.

बायकांविषयी वेगळं लिहायला हवं, कारण घरोघरच्या हकिकतींमध्ये त्या गाळल्या जातात. गिरण्यांत पाचातली एक ते चारातली एक कामगार बाई होती, मुख्यतः सूत गुंडाळायच्या खात्यांत. त्यांतल्या अनेकींची तान्ही मुलं अफूची बाळगोळी देऊन खोलीत किंवा खात्याच्या कोपऱ्यात झोपवलेली असत. मुलं जरा मोठी झाली की तीही कामावर. 1881 चा पहिला कारखाना कायदा काय सांगतो पाहा: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये आणि सात ते बाराच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. कायदा करून जे थांबवावं लागलं ते सर्रास चालू होतं, हे वेगळं सांगायला नको. 1891 मध्ये किमान वय नऊ झालं, नऊ ते चौदाला सात तास आणि बायकांना अकरा तास अशी मर्यादा आली. जन्मतारखेचा दाखला नसल्याने डॉक्टर मुलाचे दात बघून वय ठरवत.

तुमच्या खापरपणजी मात्र बहुधा मुंबईला आल्याच नसतील. त्या काळी मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेच्या आसपासच बायका होत्या आणि रत्नागिरी जिल्ह्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त. या दोन आकड्यांत गिरणीचा सगळा हिशेब आहे. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता, त्यातून थोडं गावी पाठवण्यापुरता होता. नांगरणी माणूस लावून, लावणी-बेणणी स्वतः करून, गुरं, सासूसासरे आणि मुलं सांभाळून ते घर उभं ठेवलं बायकांनी. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, कामावरून निघाला की त्याचा दवाखाना, पेन्शन आणि बेकारभत्ता म्हणजे ती गावची खाचरं आणि तिथली बाई. टपाल खात्याची मनीऑर्डर 1880 मध्ये सुरू झाली. त्याआधी पैसे गाववाल्याच्या हाती जात. मुंबईच्या गिरण्यांना जी स्वस्त मजुरी मिळाली ती कोकणच्या घराघरांतल्या बायकांच्या कामावर उभी होती, असं माझं ठाम मत आहे, आणि गिरण्यांच्या इतिहासात हा हिशेब अजून पुरेसा मांडलेला नाही.

रविवारची सुट्टी त्यांना मिळत होती का, हेही तुम्ही विचारलंत. आले तेव्हा नाही. सणावारी गिरणी बंद राही तेवढीच, एरवी रविवारीही यंत्रं पुसायला बोलावणं असे. ही सुट्टी मिळवण्यात नारायण मेघाजी लोखंडे यांचा वाटा मोठा. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, काही काळ मांडवीच्या गिरणीत भांडारपाल, आणि 1880 पासून 'दीनबंधू' हे साप्ताहिक चालवणारे. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. मागण्या वाचल्या की त्या आयुष्याचा नकाशाच दिसतो: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. पगारवाढ त्यांत नाही. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायकांनीही भाषणं केली, आणि 10 जून 1890 ला गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. तुमचे खापरपणजोबा त्या मैदानात असण्याची शक्यता चांगली आहे.

कायद्याबद्दल एक गोष्ट जाता जाता. 1881 चा कायदा शंभर किंवा जास्त माणसांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. खानदेशातले सरकी काढायचे कारखाने हंगामी, त्यामुळे सुटले. तिथे बायका पहाटे चार-पाचला येऊन रात्री नऊ-दहापर्यंत राबत असल्याच्या साक्षी आहेत. मुंबईच्या गिरण्या त्या मानाने बऱ्या होत्या.

आणि प्लेग. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला. घरांची झडती, आजाऱ्याला ओढून इस्पितळात नेणं, सामान जाळणं सुरू झालं. 29 ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नव्हता, आणि आपल्या माणसांशिवाय, आपल्या रीतीशिवाय मरण्याची धास्ती खरीच होती. फेब्रुवारी 1897 पर्यंत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. गिरण्या ओस पडू लागल्या तेव्हा प्रथमच पारडं फिरलं: मालक रस्त्याच्या कोपऱ्यावर माणसं मिळवायला एकमेकांवर बोली चढवू लागले आणि पगार रोजच्या रोज देऊ लागले. म्हणजे दीड महिना पगार अडकवून ठेवण्याची गिरणीला काहीच गरज नव्हती. लोखंडे साथीतच काम करताना 9 फेब्रुवारी 1897 ला प्लेगने गेले.

तुमचे खापरपणजोबा परतले ते या लोंढ्यातच असतील. कोकणच्या बंदरांवर उतरणाऱ्यांची तपासणी होई, संशय आला की अडकवून ठेवत. मुंबईतल्या हजेरीपटात त्यांचं नाव मिळण्याची आशा मी तुम्हाला देणार नाही, ते पट बहुतेक उरलेले नाहीत. शोध गावाकडूनच सुरू करा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. 1896 ते 1900 ही वर्षं आधी बघा, आणि त्यांच्या नावाबरोबर खापरपणजींचं आणि मुलांचंही. खोताकडच्या कुळांच्या कागदांत मुंबईला गेलेल्या कुळाची बाकी कोणी भरली हे कधी कधी दिसतं. हे सगळं मोडी लिपीत असणार, तेव्हा जाताना मोडी वाचणारं कोणीतरी सोबत न्या.